पडद्याची मागची बाजू

तो नट डावखुरा आहे, अशी आमच्या छावणीतल्या सगळ्या बायकांची पक्की समजूत होती. पिस्तूल डाव्या हातात, सिगारेट डाव्या हातात, प्रेमपत्र लिहायचं तेही डाव्या हातानं, आणि जेवणाच्या प्रसंगात तर तो सरळ डाव्या हातानं घास घ्यायचा. यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. एवढा देखणा गडी, चांगल्या घरचा दिसतो आणि डाव्या हातानं जेवतो म्हणजे काय, असं शेजारच्या दावणीच्या गयाबाईचं म्हणणं. डावराच जन्मला तर बिचाऱ्यानं काय करावं, असं माझ्या मायचं. खरी गोष्ट एवढीच होती की आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसत होतो. दोन बल्ल्यांना ताणून बांधलेलं पांढरं कापड, त्याच्यापुढं मशीन, मशीनच्या आजूबाजूला सगळे बापे, आणि कापडाच्या पलीकडं आम्ही. चित्र आरपार दिसायचं, फक्त उलटं. नावंही उलटी उमटायची, पण आमच्यातल्या बहुतेकींना ती सुलटी असती तरी वाचता आली नसती, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही. मी दहावी पास झाले होते. तरी अक्षरं उलटी तर हातही उलटा असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आवडत्या माणसाच्या बाबतीत डोकं चालवायचंच नसतं बहुधा.

ती जनावरांची छावणी होती. पाऊस लागोपाठ हुलकावणी देत राहिला, बिंदुसरेच्या धरणातला गाळ वाळून त्याला भेगा पडल्या, तेव्हा साखर कारखान्यानं पालीच्या अलीकडच्या माळावर ती उभी केली. कारखाना सहकारी, उसाला पाणी नाही तर निदान सभासदांची जनावरं तरी जगवावीत, असं तिथल्या मोठ्या मंडळींनी ठरवलं. आमचा ऊस नव्हता, पण माझे वडील, अण्णा, गावच्या दूध सोसायटीचे सभासद होते, म्हणून आमच्या दोन म्हशी आणि एका गायीलाही दावण मिळाली. गावात पाणी नाही, जनावरं इथं, मग घराला कुलूप लावून आमचं सगळं बिऱ्हाडच इथं आलं. पाचटाचं छप्पर आणि त्याच्या मधोमध मायचं जुनं लुगडं बांधून केलेला आडपडदा. अलीकडं अण्णा आणि आला-गेला, पलीकडं चूल आणि आम्ही बायका. घरी भिंतीवर असणाऱ्या तसबिरी मायनं पाचटात काड्या खोचून त्यांना टांगल्या होत्या, आणि रोज सकाळी त्यांच्यापुढं उभं राहून आमची वंदना व्हायची, तिकडून गायी हंबरत असल्या तरी.

आता छावणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच हळहळ उमटते. माझी नात शाळेसाठी दुष्काळावर निबंध लिहीत होती, तेव्हा तिनंही विचारलं, आजी, तुम्ही खूप रडायचात का? तिला काय सांगू? मी तिथं मजेत होते. मळीचा आंबूस-गोड वास, कडबाकुट्टीची घरघर, टँकर आला की वाजणारा भोंगा आणि त्यासरशी सगळ्या दावणींतून एकदम उठणारं हंबरणं, ह्यात माझा दिवस जायचा. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी भाकरी आणि कांद्याची चटणी. दूध डेअरीच्या कॅनमध्ये जायचं, पण चहापुरतं माय बिनदिक्कत मागं ठेवायची आणि अण्णा न बघितल्यासारखं करायचे. गावात आमची वस्ती एका टोकाला होती. पाणवठा वेगळा, बसायची जागा वेगळी. छावणीत ज्याला जशी दावण मिळेल तसे शेजार झाले. गयाबाईची आणि मायची गोवऱ्या थापता थापता झालेली मैत्री पाऊस पडून घरी गेल्यावरही तुटली नाही. तिथं मला पहिल्यांदा एवढ्या बायका एका जागी, तोंड उघडून बोलताना ऐकायला मिळाल्या.

आणि बोलायच्या कशाबद्दल, तर त्या नटाबद्दल. दूध संघाची गाडी आठवड्याच्या आठवड्याला यायची. आधी संकरित गायीचा माहितीपट दाखवायची आणि तो बघायला माणसं बसावीत म्हणून नंतर पिक्चर. माहितीपटात कृत्रिम रेतनाचा भाग आला की आमच्या बाजूला सगळ्यांचे पदर तोंडाशी जायचे, आणि पलीकडचे बापे एकदम गंभीर होऊन पेंडीच्या भावाबद्दल बोलायला लागायचे. पिक्चर मात्र दोन्ही बाजूंनी मन लावून बघितला जायचा. दुसऱ्या दिवशी गोवऱ्या थापताना बायका जे बोलायच्या ते बाप्यांनी ऐकलं असतं तर त्यांना नवल वाटलं असतं. नटाच्या नाकाडोळ्यांबद्दल फार कुणी बोलायचं नाही. गयाबाईला आवडायचं की तो दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो. "आमच्या मालकाला मी अर्धं बोलले की पुढचं समदं आधीच ठावूक असतं," ती म्हणायची. मायला तर नट नव्हे, नटाचा जाडगेला मित्र आवडायचा. "हासवितो ना," एवढंच तिचं कारण. तिच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा मला अण्णांची जराशी दया आली होती, कारण अण्णा वाळक्या अंगाचे आणि हसवण्याच्या बाबतीत अगदीच बेताचे.

माझा आणि प्रयागआत्याचा नट एकच होता. प्रयागआत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली, सोडचिठ्ठी झाली, आणि एक पत्र्याची पेटी घेऊन ती परत आली ती आमच्याकडंच राहिली. मला शाळेत घालायचा हट्ट तिचा, आणि माझी वेणी रोज तिच्याच हातची. त्या पेटीच्या झाकणाला आतून त्या नटाचं एक चित्र चिकटवलेलं होतं, लग्नाआधी नारायणगडाच्या जत्रेत घेतलेलं. त्याच्या शेजारी मी माझं चित्र चिकटवलं, कापड दुकानाच्या कॅलेंडरातून कापलेलं. तिच्या चित्रात तो शिडशिडीत, माझ्या चित्रात मान जाड झालेली, हनुवटीखाली थोडं सुटलेलं, पण केस दोन्हीकडं सारखेच काळेभोर. पेटी उघडली की दोघं शेजारी शेजारी दिसायचे आणि आम्हा दोघींना ते बरं वाटायचं. एका माणसावरून दोघींचं भांडण झालं नाही, हे ह्या जगात क्वचितच घडत असेल. मला एकदा वाटलं, तिला माझं चित्र आवडत नसेल, तिचा तो तरणाच बरा. मी तसं विचारलंही. ती म्हणाली, "कावून आवडू नये? तो बी थोराड झाला, मी बी झाले. बरं वाटतं."

ढोरांचे डॉक्टर आमच्या दावणीवर पहिल्यांदा आले ते धाकट्या म्हशीची कास सुजली म्हणून. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा काही वेगळाच होता, पण सगळी छावणी त्यांना डॉक्टरच म्हणायची. आमच्याच समाजातले, नांदूरघाटचे, चाळिशीला टेकलेले, बायको बाळंतपणात गेलेली. अंगानं आडवे, बोलायला लाजरे, आणि डोक्यावर खाकी कापडाची टोपी, जी मी कधीच उतरलेली पाहिली नाही. त्यांनी सुई भरली आणि आत्यानं म्हशीचं डोकं काखेत धरलं. सुई टोचली ती डाव्या हातानं. आत्या माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "डावरे हायत बाई." आणि पुढं सबंध दिवस ती कामात असताना मधेच गालात हसत होती.

म्हैस बरी झाली. डॉक्टर येत राहिले. कधी गायीचे खूर बघायला, कधी नुसतंच, टँकरचं पाणी कसं वाटतंय म्हणून. त्यांची आणि आत्याची बोलणी मी शेजारी बसून ऐकलेली आहेत, त्यात म्हशीखेरीज दुसरा विषय नसायचा. "तुमी धरलं की ती लाथ मारीत न्हाई." "तिला हात वळखीचा लागतो." "रवंथ करती का नीट?" "करती की. तुमी काल आला न्हाईत तर पेंड खाल्ली न्हाई तिनं." हे शेवटचं वाक्य बोलून आत्या एकदम उठली आणि पाण्याची घागर उचलून चालती झाली, भरलेलीच घागर. डॉक्टर टोपी सारखी करत बराच वेळ म्हशीकडं बघत उभे राहिले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि प्रेम म्हणजे गाणं, बर्फ आणि लाल गाडी असं मला ठाऊक होतं. त्यामुळं माझ्या डोळ्यांदेखत काय चाललंय ते मला कळलं नाही.

त्याच सुमाराला दूध संघाच्या गाडीनं जुना पिक्चर आणला, आत्याच्या लग्नाआधीचा. नट ऐन तारुण्यातला आणि नटी त्याच्या जोडीची, तिचे डोळे बघून अण्णा म्हणे त्या काळी एकच पिक्चर बीडला जाऊन परत परत बघायचे. त्या संध्याकाळी आत्यानं धुतलेलं पातळ नेसलं आणि केसांना चांगलं तेल लावलं. लहानपणी तिला कुणीतरी म्हटलं होतं की तुझी हनुवटी त्या नटीसारखी आहे, आणि ते तिनं जपून ठेवलेलं होतं. पिक्चरमध्ये दोघं आंब्याच्या झाडाखाली एकमेकांना शपथा देतात, तिथं आमच्याकडच्या बायका चिडीचूप झाल्या. पलीकडून अण्णांचा खोकलाही ऐकू आला नाही. छपराकडं परतताना अण्णा गुणगुणत होते आणि माय मला कोपरानं ढोसत होती.

पुढच्या आठवड्याला नवा पिक्चर आला. नट तोच. आता तो वह्या घेऊन कॉलेजात जात होता. त्याच्यापुढं नाचणारी नवी नटी माझ्याच वयाची असावी. आणि कॉलेजातून तो घरी आला, तर शिवणयंत्रावर पांढऱ्या पातळात खोकत बसलेली त्याची आई म्हणजे मागच्या आठवड्यातली ती नटी. केसांना पांढरं फासलेलं. तो आत आला आणि माँ म्हणून तिच्या पाया पडला. मग गयाबाई मोठ्यानं म्हणाली, "आगं, मागल्या बारीला आंब्याखाली शपता घेत व्हते की दोघं. आता माय कशी झाली ती त्येची?" सगळ्या बायका हसत सुटल्या. "बापे तसेच ऱ्हातेत आन् बायाच म्हाताऱ्या व्हतेत," दुसरी कुणी म्हणाली, आणि आणखी हशा झाला. पलीकडं नव्या नटीला शिट्ट्या चालल्या होत्या. त्यातच अण्णांचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होते, "हिला कावून घेतली रं? लई थकली ही." ज्या नटीसाठी ते बीडला चालत जायचे तिच्याबद्दल हे बोलले. मायनं कापडाच्या अलीकडूनच उत्तर दिलं, "तुमी बी थकलाव की. तुमाला कावून घेतलंय मी?" दोन्ही बाजूंनी हसू उसळलं. मीही हसले. वळून बघते तर आत्या हसत नव्हती. म्हशीला पाणी दाखवून येते म्हणाली आणि उठून गेली, आणि पिक्चर संपेपर्यंत परत आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आत्या बदलली. डॉक्टर दावणीकडं येताना दिसले की ती लुगड्याच्या पलीकडं चुलीपाशी जाऊन बसायची आणि मला म्हणायची, "सुमन, तू जा. तू धर म्हशीला." मी जायची. म्हैस मला लाथ मारायची. डॉक्टर विचारायचे, "त्या न्हाईत का?" मी सांगायची, बरं नाही त्यांना. असं बरेच दिवस चाललं, आणि छावणीतल्या सगळ्या बाप्यांनी डोळ्यांनी जे पाहिलं ते असं की नोकरीवाला विधुर डॉक्टर अण्णांच्या दावणीवर रोज खेपा घालतो, आणि अण्णांची तरणी पोरगी त्याच्यासमोर म्हैस धरून उभी असते. आता ह्यातून जो अर्थ निघायचा तो निघालाच. डॉक्टर ह्या घरावर मन ठेवून आहेत हे त्यांच्या थोरल्या भावाला, किसनरावांना, त्यांनी स्वतःच कसंबसं सांगितलं होतं म्हणे. कुणावर, हे विचारायची गरज किसनरावांना वाटली नाही. त्या घरात लग्नाची एकच मुलगी होती, दुसरं कोण असणार? त्यांनी अण्णांना निरोप धाडला.

अण्णा हरखून गेले. दुष्काळात सरकारी नोकरीचा जावई चालत येतो म्हणजे काय कमी गोष्ट होती? मी रडले, जेवले नाही, केवढे मोठे आहेत ते, असं म्हणाले. अण्णा शांतपणे उठले, आत्याची पेटी उघडली आणि माझ्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्यो कोण हाय? कवळा हाय का ह्यो? डॉक्टरपेक्षा धा वर्सांनी थोरला असंल. ह्येच्यासाठी जीव टाकतीस, आन् डॉक्टर म्हातारा?" मी त्या जाड मानेच्या माणसाकडं बघत राहिले. आज इतक्या वर्षांनी मला उत्तर येतं. चित्रातल्या माणसाबरोबर म्हातारं व्हावं लागत नाही, त्याची धुणी धुवावी लागत नाहीत, म्हणून त्याचं वय चालतं. पण तेव्हा मी मुकाट्यानं पेटी बंद केली. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, अजूनही टीव्हीवर एखादी जुनी नटी दिसली की म्हणतात, पहिल्यासारखी राहिली नाही ती. स्वतःची कवळी वाटीत काढून ठेवलेली असते. मी काही बोलत नाही, वाटी उचलून ठेवते.

त्या दिवशी आत्यानं मला जवळ घेतलं, केस विंचरत म्हणाली, "चांगला माणूस हाय, सुमन. जनावराला सुद्धा जोरात बोलत न्हाई. सुखात ठिवील तुला." फणी चालायची थांबली. मी वर बघितलं तर तिचे डोळे भरलेले. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला, आणि माझा जीव एकदम घाबरा झाला, कारण आता हे लग्न झालं तर माझ्यापेक्षा तिचंच जास्त बुडणार होतं, आणि ती तोंड उघडणार नव्हती. मी चुलीपाशी जाऊन मायला सांगितलं. माय भाकरी उलटत म्हणाली, "मला कवाच दिसलंय. पर बाप्यांच्या मनात तिचं लग्न ह्या जन्मीचं संपलंय. डॉक्टरच्या मनात काय हाय, त्ये ठावं न्हाई. बघू."

किसनराव आले, सोबत गावातले एक वडीलधारे, आणि मागून डॉक्टर. जयभीम झाला, घोंगडी अंथरली गेली. मायनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, शेंगदाणे घालून, आणि चहा. दारात गयाबाई शेरडाला पाला घालायच्या निमित्तानं उभी. मी ताटल्या घेऊन बाहेर आले आणि मान खाली घालून पोत्यावर बसले. आत्या लुगड्याच्या पलीकडं होती, पेंड भिजवत. किसनराव बोलत होते, "आमचा भाऊ काय आता पोरगा न्हाई, त्ये आमी झाकीत न्हाई. पर नौकरी पक्की हाय, येसन कशाचं न्हाई. आन् बाप्याचं वय कोण बघतं?" अण्णा म्हणाले, "तेच म्हणतो मी. बाप्याचं वय दिसत न्हाई."

डॉक्टरांनी सुशीलेला हात लावला नव्हता. ते एकदा माझ्याकडं, एकदा आडपडद्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "त्यांची तब्येत बरी हाय का?"

"कुणाची?" अण्णांनी विचारलं.

"त्यांचीच. म्हशीचं बघत्यात त्यांची."

"आरं, म्हशीचं ऱ्हाऊ दे," किसनराव म्हणाले. "पोरीला काय इचारायचं त्ये इचार."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "अकरावीला कावून गेली न्हाईस तू?" मी म्हटलं, दुष्काळ पडला. "जा पुढच्या वर्साला," ते म्हणाले, शाळेतल्या मुलीला सांगावं तसं, आणि परत पडद्याकडं बघत बसले. तेवढ्यात पडदा हलला. माय चहाची किटली घेऊन बाहेर आली, पदर सारखा केला, पण चहा ओतायला वाकली नाही.

"भाऊ, येक इचारू का?" ती किसनरावांना म्हणाली. "मागं येका पिक्चरला काय झालं, सांगितलं का तुमाला कुणी? त्या नटाच्या जोडीची बाई त्येची माय केली, आन् त्येच्या लेकीवाणी पोरगी त्येला जोडीला देली. आमी मागं बसून लई हासलाव. आन् आता तेच माझ्या छपरात चाललंय. डॉक्टर चाळिशीचे, आमच्या वन्सं पस्तिशीच्या. जोडीची बाई पडद्याच्या मागं बसवली, आन् लेकरू फुडं आणलं. कुणाला बघाया आलाव तुमी, ह्ये एकदा डॉक्टरला तर इचारा."

अण्णा रागानं उठू लागले होते, पण किसनराव भावाकडं बघत होते. "काय रं? कुणाचं म्हणला व्हतास तू?"

डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "तुमी इचारलंच न्हाई, दादा. मला वाटलं, समद्यांना दिसतंय."

मला एवढं हायसं वाटलं की मी उगाच ताटल्या गोळा करायला लागले, भरलेल्या ताटल्या. अण्णांनी बहिणीच्या दिशेनं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर फक्त एकदाच पाहिलं, माझ्या मुलीनं मला न विचारता नोकरी धरली तेव्हा मास्तरांच्या तोंडावर. राग नव्हता तो. आपल्या घरातलं माणूस आपण नीट पाहिलेलंच नाही, असं काहीतरी होतं. त्यांनी हळूच हाक मारली, "प्रयाग."

आत्या बाहेर आली. कोपरापर्यंत पेंड, पातळ गुडघ्याशी ओलं, केस सुटलेले. त्यातले कानशिलावरचे पांढरे झालेले होते, आणि ते तिनं मागं सारले नाहीत. डॉक्टरांकडं न बघता ती म्हणाली, "माझे केस पिकाया लागलेत. मी काळं लावायची न्हाई. आत्ताच सांगितलेलं बरं."

डॉक्टर उठून उभे राहिले. डावा हात वर नेला आणि टोपी काढली. भुवयांपर्यंत उन्हानं रापलेला चेहरा, आणि त्याच्यावर थेट मागच्या कडेपर्यंत गोरंपान, गुळगुळीत टक्कल. दारातून गयाबाईचं हसू ऐकू आलं आणि तिनं ते शेरडाला रागावून झाकलं. डॉक्टर म्हणाले, "मी बी लपवून ठिवलं व्हतं. बगून घ्या."

आत्यानं बघितलं. अगदी निवांत, म्हशीची कास बघावी तशी, एकीकडून दुसरीकडं. मग तिच्या तोंडावर ते सुई टोचली त्या दिवशीचं हसू आलं. "ठिवा डोक्यावर," ती म्हणाली. "ऊन लई हाय."

पाचटाच्या छपरात कसलं ऊन? पण माय लगेच वाकून चहा ओतायला लागली, आणि किसनरावांनी सुशीलेची ताटली ओढून घेतली.

पाऊस पडला, छावणी उठली, आणि गावच्या विहारात, आमच्या रीतीनं पांढऱ्या पातळात, आत्याचं लग्न लागलं. त्याच्या आधी छावणीतला शेवटचा पिक्चर होता, तेव्हा डॉक्टर कापडाला वळसा घालून आमच्या बाजूला आले आणि आत्यापासून हातभर अंतरावर बसले. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "डॉक्टर, तिकडून उलटं दिसतंय." ते म्हणाले, "दिसू द्या." मी अकरावीला गेले. बीडला थिएटरात पहिल्यांदा पुढच्या बाजूनं त्या नटाला पाहिलं तेव्हा तो उजव्या हातानं जेवत होता, आणि मला फसवल्यासारखं झालं. सुट्टीत नांदूरघाटला गेल्यावर आत्याला सांगितलं, अगं, तो डावरा नाहीच. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, "नसू दे. आमचे हायत."

काही वर्षांमागे मी तिच्याकडं गेले होते. आत्याचे केस पार पांढरे झालेले, काका, म्हणजे डॉक्टर, खाटेवर, नजर अधू. टीव्हीवर कुठल्याशा सोहळ्यात तो नट आला. दोन माणसांनी धरून त्याला मंचावर आणलं. हात कापत होते, मान वाळलेली, आणि डोक्यावर तेच काळेभोर केस, पेटीतल्या दोन्ही चित्रांतल्यासारखे. मला हसू आलं. आत्या हसली नाही. चष्मा पुसून तिनं परत नीट बघितलं, आणि तिच्या आवाजात माया होती, तेरा-चौदाव्या वर्षापासूनची.

"आजून काळं लावतोय," ती म्हणाली. "त्येला कुणी म्हणलंच न्हाई गं, लावू नको म्हणून."

खाटेवरून काकांनी विचारलं, काय झालं? काही नाही, ती म्हणाली, आणि उठून खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर नीट बसवली, कारण दार उघडं होतं आणि ऊन आत आलं होतं.